महानगरातले जंगल

मोठे शहर म्हटले की इमारती, रस्ते, कारखाने आणि गर्दी हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु मुंबईसारख्या महानगरात एक फार जुने जंगल अजून उभे आहे. ते कसे वाचले, त्याचा शहराला काय उपयोग होतो आणि ते टिकवताना कोणते कठीण प्रश्न उभे राहतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईचे नाव घेताच तुम्हांला काय आठवते? समुद्र, लोकल गाड्या, उंच इमारती, बाजारातली गर्दी. होय ना? पण याच मुंबईत रात्रीच्या वेळी बिबट्या पाणी प्यायला तलावावर येतो. सांबर हरणे गवत खातात. तलावाच्या काठी मगर ऊन खात पडलेली असते. ही गोष्ट खोटी वाटेल, पण ती अगदी खरी आहे. या जागेचे नाव आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसे आजही त्याला ‘बोरिवलीचे नॅशनल पार्क’ म्हणतात.

नकाशा उघडून पाहा. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड आणि गोरेगाव. पूर्वेला मुलुंड आणि भांडुप. ईशान्येला ठाणे शहर. उत्तरेला वसईची खाडी. या सर्वांच्या मधोमध हिरव्या रंगाचा एक मोठा पट्टा दिसेल. तेच हे जंगल. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे. त्याचा काही भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि काही भाग ठाणे जिल्ह्यात येतो. येथील सर्वांत उंच जागा जांभूळमाळ ही असून तिची उंची ४६८ मीटर आहे. जगात अशी महानगरे फार थोडी आहेत, की ज्यांच्या हद्दीत एवढे मोठे रान आहे आणि त्यात मोठे हिंस्र प्राणी मोकळे राहतात.

हे जंगल किती जुने आहे? त्याचा साक्षीदार जंगलातच आहे. उद्यानाच्या मध्यभागी कान्हेरी लेणी आहेत. काळ्या खडकात कोरलेली ही शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी येथे राहायला सुरुवात केली आणि पुढे अनेक शतके ते येथे राहिले. ‘कृष्णगिरी’ म्हणजे काळा डोंगर. कृष्णगिरीचे ‘कान्हगिरी’ झाले आणि त्याचेच पुढे ‘कान्हेरी’ झाले. येथील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा या गावांतील व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. त्या काळी ही गावे मोठी बंदरे होती. म्हणजे बाजाराची गर्दी जवळच होती आणि भिक्षूंना शांतता हवी होती ती या रानात मिळत होती.

कान्हेरीला गेलात तर मूर्तींबरोबर आणखी एक गोष्ट जरूर पाहा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाहेर पाण्याचे टाके आहे. डोंगरावरचे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या लहान पन्हळांतून या टाक्यांत येते. पावसाचे चार महिने पाणी साठवायचे आणि उरलेले आठ महिने ते जपून वापरायचे, ही युक्ती त्या लोकांना पुरती ठाऊक होती.

येथे तुमच्या आवडीची एक गोष्ट सांगतो. कान्हेरीच्या एका लेण्यात पहलवी भाषेतील लेख कोरलेले आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी प्रवासी येथे आले होते. त्यांनी आपली नावे आणि तारखा दगडावर कोरून ठेवल्या. पहलवी हे फारसी भाषेचे जुने रूप आहे. ज्या फारसीने उर्दूला आणि मराठीलाही कितीतरी शब्द दिले, तिची ही थोरली बहीण बोरिवलीच्या रानात एक हजार वर्षे मुक्काम करून आहे!

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुने जंगल म्हणजे ज्याला कधी माणसाचा हात लागला नाही असे जंगल नव्हे. येथे लाकूड तोडले गेले, गुरे चारली गेली, काही उतारांवर शेतीही झाली. जंगल पुनःपुन्हा कापले गेले आणि पुनःपुन्हा वाढले. मग ते आजपर्यंत टिकले कसे? याचे एक मोठे कारण आहे पाणी.

१८५४ साली मुंबईत पाऊस कमी पडला आणि पाण्याची फार टंचाई झाली. विहिरी आणि तळी एवढ्या लोकांना पुरेनात. तेव्हा शहराबाहेर, साष्टी बेटावरच्या डोंगरांत, तलाव बांधायचे ठरले. १८५६ साली विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली ते पूर्ण झाले. त्यानंतर १८७९ साली तुळशी तलाव तयार झाला. तलावाचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्याच्या आसपासची पाणलोटाची जमीन राखून ठेवण्यात आली. तिच्यावर वस्ती होऊ दिली नाही. जमीन राखली पाण्यासाठी, पण तिच्याबरोबर झाडेही वाचली आणि जनावरेही वाचली.

कालांतराने या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रथम ते लहान होते आणि त्याचे नाव कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान असे होते. १९६९ साली आजूबाजूची राखीव वने त्याला जोडण्यात आली आणि ते आजच्याएवढे मोठे झाले. पुढे त्याला बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणू लागले आणि नंतर त्याला आजचे नाव मिळाले.

आता हिशेब करून पाहू. विहार तलाव भरला म्हणजे त्यात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावते. तुळशी तलावात सुमारे ८०० कोटी लिटर मावते. आकडे मोठे वाटतात. पण आज मुंबईला दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे दोन्ही तलावांचे सारे पाणी शहराला जेमतेम नऊ-दहा दिवस पुरेल. बाकीचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरदूरच्या तलावांतून नळांनी आणावे लागते. ‘मग आपल्या जंगलाचा उपयोग फारच थोडा झाला,’ असे कोणी म्हणेल. परंतु जंगलाचे काम केवळ तलाव भरणे एवढेच नाही.

जोराचा पाऊस उघड्या डोंगरावर पडला तर काय होते? थेंब थेट मातीवर आदळतात. माती सुटते आणि पाण्याबरोबर धावत सुटते. झाडे असली म्हणजे थेंब आधी पानांवर पडतात, मग फांदीवरून, खोडावरून सावकाश खाली उतरतात. जमिनीवर कुजलेल्या पानांचा जाड थर असतो. तो स्पंजासारखा पाणी शोषून घेतो. मुळे माती घट्ट धरून ठेवतात. शोषलेले पाणी मग हळूहळू झऱ्यांतून बाहेर पडते. म्हणून पाऊस थांबल्यावरही जंगलातले ओढे बरेच दिवस वाहत असतात.

मुंबईच्या दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. विहार तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी मिठी नदीत येते. ती साकीनाका, कुर्ला, धारावी अशा वस्त्यांमधून वाहत माहीमच्या खाडीला मिळते. तुमच्यापैकी काहींची घरे किंवा शाळा तिच्या काठावर असेल. नाव ऐकून तुम्ही म्हणाल, ‘मीठी’ म्हणजे गोड. पण मराठीत ‘मिठी’ म्हणजे गळाभेट! आणि आणखी एक गंमत ऐका. उर्दूत नदीला ‘दरिया’ म्हणतात. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मराठीत ‘मी दर्यावर गेलो’ असे म्हणालात, तर ऐकणारा तुम्हांला थेट जुहूच्या किनाऱ्यावर पोहोचवील.

आज ही मिठी नदी ना गोड राहिली आहे, ना तिला कोणी मिठी मारील. डोंगरात तिचे पाणी स्वच्छ असते. पुढे कारखान्यांचे सांडपाणी, गटारे आणि प्लॅस्टिकचा कचरा तिच्यात मिसळतो. भराव टाकून तिचे पात्र अरुंद केले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीला पूर आला. कुर्ला, कलिना या भागांत घरे पाण्याखाली गेली, अनेक माणसे प्राणाला मुकली. एवढ्या पावसापुढे कोणतेही जंगल एकटे पुरे पडत नाही हे खरे. पण ज्या वाटेने पाणी समुद्राकडे जायचे, तीच वाट आपण बुजवली तर पाणी आपल्या घरात शिरणार नाही तर कुठे जाणार?

चला, आता जंगलात शिरू. उन्हाळा सुरू होण्याआधी येथे काटेसावर आणि पळस लाल फुलांनी भरून जातात. त्या वेळी झाडांवर पाने नसतात, त्यामुळे दुरून पाहिले तर झाड पेटल्यासारखे दिसते. कांडोळाच्या झाडाची साल इतकी पांढरी असते, की चांदण्यात ते झाड एकदम उठून दिसते. पुढे जांभळ्या फुलांचा ताम्हण बहरतो. ते आपल्या राज्याचे फूल आहे. पावसाळ्यात कदंबाला चेंडूसारखी गोल फुले येतात. राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ साली निवडलेले मोठे, काळे-निळे ‘नीलवंत’ही येथे उडताना दिसते.

या जंगलातील सर्वांत अजब झाड म्हणजे कारवी. हे माणसाच्या उंचीपेक्षा थोडे मोठे झुडूप आहे. सात वर्षे ते मुकाट्याने वाढते. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सगळ्या डोंगरावरची कारवी एकाच वेळी फुलते. उतारच्या उतार जांभळे होतात. मधमाश्यांची चंगळ होते. मग बिया तयार होतात आणि झाड मरून जाते. सगळी झाडे एकदम का फुलतात? याचे उत्तर असे देतात, की एकाच वेळी इतक्या बिया पडल्या म्हणजे खाणारे कितीही खाओत, काही बिया उरतातच. येथे कारवी २००८ साली फुलली, नंतर २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली. आता ती पुन्हा केव्हा फुलेल आणि त्या वेळी तुमचे वय काय असेल, ते तुम्हीच मोजा. कारवीच्या काठ्या विणून आणि त्यांवर माती लिंपून आदिवासी आपल्या घरांच्या भिंती तयार करतात. या भिंतींना ‘कूड’ म्हणतात.

होय, या जंगलात माणसेही राहतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी या आदिवासी समाजांचे पाडे येथे पुष्कळ जुने आहेत. राष्ट्रीय उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून ते येथे आहेत. कोणती भाजी पहिल्या पावसात उगवते, कोणते पान जखमेवर लावायचे, हे त्यांना पुस्तक न वाचता माहीत असते. ते वाघोबाला मानतात. वाघ आणि बिबट्या हे त्यांच्या दृष्टीने रानातले शेजारी आहेत. शेजाऱ्याशी जपून वागावे, पण त्याला घरातून हाकलू नये, असे ते म्हणतात.

पक्ष्यांविषयी बोलताना एका मोठ्या माणसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ते म्हणजे डॉ. सालिम अली. त्यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. दहा-बारा वर्षांच्या सालिमला एकदा पिवळ्या गळ्याची एक वेगळीच चिमणी मिळाली. तिचे नाव काय, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत गेला. तेथील मिलार्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. त्या एका प्रश्नातून भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. पुढे सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांची सविस्तर नोंद लिहिली. हुमायून अब्दुलअली यांनी १९५१ च्या मुंबई राज्यातील वन्य प्राणी-पक्षी संरक्षण कायद्याच्या कामातही मोठा वाटा उचलला. आज या जंगलात अडीचशेच्या आसपास जातींचे पक्षी आढळतात. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ पाळतात. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस.

आता बिबट्याकडे वळू. उद्यानाच्या सफारीत दिसणारे सिंह आणि वाघ बंदिस्त असतात. ते या जंगलाचे रहिवासी नव्हेत. येथील खरा राजा बिबट्या आहे. २०१५ साली झाडांवर आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे लावून गणना केली, तेव्हा उद्यानात आणि त्याच्या आसपास ३५ बिबटे आढळले. २०१८ साली ही संख्या ४७ होती. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, जसे प्रत्येक माणसाच्या बोटाचे ठसे वेगळे असतात. त्यामुळे छायाचित्रावरून एकेक बिबट्या ओळखता येतो.

बिबट्या माणसाला भिऊन असतो. तो चितळ, सांबर, माकडे खातो आणि जंगलाच्या कडेला भटके कुत्रेही खातो. जेथे कचऱ्याचे ढीग असतात तेथे कुत्रे जमतात. जेथे कुत्रे जमतात तेथे बिबट्या येतो. म्हणजे बिबट्याला वस्तीपर्यंत आणणारी वाट आपण टाकलेल्या कचऱ्यातून जाते. २००४ साली येथे बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. त्यांत मुलेही होती. त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडले जात. अनोळखी जागी आलेला प्राणी बिथरतो, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. ही पद्धत बंद करण्यावर नंतर भर दिला गेला. २०११ पासून वनविभागाने आजूबाजूच्या लोकांना बरोबर घेऊन जागृतीचे काम सुरू केले. हल्ले पुष्कळ कमी झाले. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये आरेत एका दीड वर्षाच्या मुलीचा बळी गेला. म्हणून सावधपणा कधीच सोडता येत नाही.

एकदा वर्गात हा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने मला विचारले, “सर, आमच्या गल्लीत दहा फुटांच्या खोलीत आठ-आठ माणसे राहतात. मग बिबट्याला एवढे मोठे जंगल कशाला?”

प्रश्न कठीण आहे. तो टाळून चालणार नाही. तुमच्याही मनात तो आला असेल.

मुंबईत पोट भरायला आलेल्या हजारो कुटुंबांनी जंगलाच्या कडेला आणि आत झोपड्या बांधल्या. शहरात घर घेणे त्यांना शक्य नव्हते. १९९५ साली पर्यावरणासाठी काम करणारी एक संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्यायालयाने जंगलातील अतिक्रमणे हटवण्याचा आणि पात्र कुटुंबांना दुसरीकडे घर देण्याचा आदेश दिला. झोपड्या पाडल्या गेल्या. काही हजार कुटुंबांना चांदिवली येथे घरे मिळाली. परंतु ज्यांच्याजवळ कागदपत्रे नव्हती ते उघड्यावर आले आणि ज्यांची नावे यादीत होती त्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात, जंगलाला लागून असलेली पाण्याच्या टाकीची संरक्षक भिंत मुसळधार पावसात कोसळली. सुमारे तीस माणसे मरण पावली. त्यांच्या वस्तीतील अनेक कुटुंबे पुनर्वसनाचीच वाट पाहत होती.

यावरून काय दिसते? जंगलाचा उतार तोडून बांधलेली झोपडी जंगलालाही धोक्याची आणि त्यात राहणाऱ्या माणसालाही धोक्याची. गरीब माणूस आणि जंगल हे एकमेकांचे वैरी नाहीत. माणसाला शहरात परवडणारे घर मिळाले, तर तो बिबट्याच्या वाटेवर कशाला जाईल? म्हणून ‘जंगल की घर’ असा प्रश्न करू नये. ‘जंगलही आणि घरही’ हे कसे साधेल, असा प्रश्न करावा. आणि हा प्रश्न केवळ झोपडीवाल्यांना विचारून भागत नाही. जंगलाला खेटून उंच इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. ‘खिडकीतून जंगल दिसते’ म्हणून त्या घरांची किंमत जास्त असते!

सगळेच प्रश्न सोपे सुटत नाहीत. राष्ट्रीय उद्यानाला लागून आरे वसाहत आहे. तेथे मेट्रो रेल्वेची कारशेड बांधण्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. लोकांनी विरोध केला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानून आणखी झाडे तोडू नयेत असे सांगितले. २०२० साली आरेतील सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेड मात्र शेवटी आरेतच झाली आणि २०२४ साली ती मेट्रो धावू लागली. मेट्रोने रस्त्यावरच्या गाड्या आणि धूर कमी होतो, हेही खरे. २०२४ सालीच जंगलाच्या डोंगराखालून जाणाऱ्या मोठ्या बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन झाले. बोगदा वरची झाडे वाचवतो, पण डोंगराच्या पोटातल्या पाण्याकडे लक्ष ठेवावेच लागते. अशा वेळी दोन्ही बाजू नीट समजून घेऊन मत बनवणे, हे सुजाण नागरिकाचे लक्षण आहे.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, ‘आम्ही लहान. आम्ही काय करणार?’ जंगलात सहलीला गेलात तर प्लॅस्टिकची पिशवी परत घरी आणा. माकडांना खाऊ देऊ नका. त्यामुळे ती माणसावर धावून यायला शिकतात. जंगलाच्या कडेला राहत असाल तर कचरा उघड्यावर टाकू नका, अंधारात लहान भावंडांना एकटे सोडू नका आणि बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला घेरू नका, वनविभागाला कळवा. जंगलापासून दूर राहत असाल तर आपल्या गल्लीतल्या नाल्यात काही टाकण्यापूर्वी एवढेच आठवा, की या शहरातल्या कितीतरी नाल्यांचे पाणी शेवटी कान्हेरीच्या डोंगरातून निघालेल्या नदीलाच मिळते.

दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी टाकी कोरली आणि पाणी जपले. दीडशे वर्षांपूर्वी तलाव बांधणाऱ्यांनी जमीन जपली. सालिम अलींसारख्या माणसांनी पाखरे जपली. आता पाळी तुमची आहे.

शब्दार्थ

महानगर – बहुत बड़ा शहर
हिंस्र – दरिंदा, शिकार करणारा
साक्षीदार – गवाह
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर, कतबा
टाके – खडकात कोरलेला पाण्याचा हौद
पन्हळ – पाणी वाहून नेणारी लहान नाली
टंचाई – क़िल्लत
पाणलोट – ज्या जमिनीवरचे पाणी वाहत तलावात किंवा नदीत येते ती जमीन
राखीव – महफ़ूज़
उगम – नदी जेथून निघते ती जागा
पात्र – नदी ज्या जागेतून वाहते ती जागा
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
अतिक्रमण – नाजायज़ क़ब्ज़ा
पुनर्वसन – दोबारा बसाना
याचिका – न्यायालयाकडे केलेला अर्ज
सुजाण – समझदार

वाक्प्रचार

प्राणाला मुकणे – मरण पावणे
चंगळ होणे – भरपूर मिळणे, मजा होणे
उघड्यावर येणे – बेघर होणे
वाटा उचलणे – कामात भाग घेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ किती आहे?
(२) ‘कृष्णगिरी’ या शब्दाचा अर्थ काय?
(३) विहार तलावाचे काम कोणत्या साली पूर्ण झाले?
(४) महाराष्ट्र राज्याचे फूल कोणते?
(५) एकेक बिबट्या कशावरून ओळखता येतो?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) कान्हेरीच्या एका लेण्यात …… भाषेतील लेख कोरलेले आहेत.
(२) कारवी …… वर्षांनी एकदा फुलते.
(३) कारवीच्या काठ्यांच्या भिंतीला …… म्हणतात.
(४) मिठी नदी …… च्या खाडीला मिळते.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) तलावांमुळे जंगल वाचले.
(२) पाऊस थांबल्यावरही जंगलातले ओढे वाहत असतात.
(३) कचऱ्याच्या ढिगांमुळे बिबट्या वस्तीकडे येतो.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सालिम अली पक्ष्यांच्या अभ्यासाकडे कसे वळले?
(२) ‘गरीब माणूस आणि जंगल हे एकमेकांचे वैरी नाहीत,’ असे लेखक का म्हणतो?
(३) मेट्रोची कारशेड आरेत व्हावी की नाही, यावर वर्गात दोन गट करून बोला. दोन्ही बाजूंचे दोन-दोन मुद्दे लिहा.

प्र. ५. पुढील शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. दोन्ही भाषांतील अर्थ सारखा आहे की वेगळा, ते लिहा.
जंगल, शहर, दर्या, जमीन, मगर, हवा, शिकार

प्र. ६. वचन बदला.
टाके, तलाव, नदी, फुलपाखरू, डोंगर, झोपडी

उपक्रम
(१) तुमच्या शाळेजवळच्या नाल्याचे किंवा नदीचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, याची घरातील मोठ्या माणसांकडून माहिती मिळवा व नकाशा काढा.
(२) सलग सात दिवस सकाळी दहा मिनिटे खिडकीत उभे राहून दिसतील त्या पक्ष्यांची मराठी व उर्दू नावे वहीत लिहा.